टोपीतला तांबडा केस

टोपी भरणाऱ्या बाईच्या घरात मांजर असू नये, हे बी तिमाला कळत नव्हतं असं नाही. पण लामू बेटावर मांजर कोणी पाळत नाही. ते आपणहून येतं, घर बघतं, आणि पटलं तर राहतं. बी तिमाचं घर तिघांना पटलं होतं. साखरेसारखी पांढरी सुकारी, हळदीसारखी पिवळसर तांबडी मांजानो आणि काळाकुट्ट बोका मकाआ, म्हणजे कोळसा. नावंसुद्धा स्वयंपाकघरातली, कारण तिघांचा जीव तिथेच अडकलेला.

आणि केस! समुद्रावरून कास्कझीचा कोरडा वारा सुटला, की ही तिघं अशी काही झडायला लागत की आत मांजर उरतंय की नाही, अशी शंका यावी. काळ्या बुईबुई बुरख्यावर सुकारीचे पांढरे केस, पांढऱ्या टोपीवर मांजानोचे तांबडे, आणि दुधावर मकाआचे काळे. अल्लाने कुठल्याही रंगाच्या वस्तूवर अन्याय केला नव्हता. बी तिमा सकाळी उठली की आधी ओलं फडकं फिरवी, मग काथ्याचा ब्रश, आणि शेवटी महामरीच्या, म्हणजे वेलदोड्याच्या गोड पुऱ्यांच्या, पिठाचा एक गोळा घेऊन गाद्या-उशांवरून लाटत सुटे. केस पिठाला चिकटत. एकदा तो गोळा तिच्या नवऱ्याने, शेकुवेने, चुकून कढईत सोडला आणि तळून खाल्लाही.

"आज महामरी जरा चिवट झालीय," तो म्हणाला. "वेलदोडा कमी पडलाय का?"

"वेलदोडा बरोबर आहे. मांजर जास्त झालंय," बी तिमा म्हणाली.

खरा छळ टोप्यांचा होता. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या रेशमाने बारीक बारीक भोकं काढून बी तिमा टोपी भरायची. एकेक टोपी महिनोन्‌महिने चाले. त्या भोकांत मांजानोचा केस एकदा शिरला की सुईच्या टोकानेच काढावा लागे. एकदा तिच्या नजरेतून एक सुटला. ती टोपी घालून गावातला एक मोठा व्यापारी मशिदीत गेला, तर कपाळावर तांबडा केस उभा! तेव्हापासून गावात थट्टाच सुरू झाली. कोणी नवी टोपी घातली की लोक जवळ येऊन बघत आणि विचारत, "बी तिमाचा शिक्का आहे का?" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यापुढे एकही टोपी केसासकट घराबाहेर जाणार नाही, अशी तिने शपथ घेतली आणि ती पाळलीही. त्या बदल्यात मांजरांना दिवसभर शिव्या बसत.

"मेल्यांनो, टक्कल कसं पडत नाही रे तुम्हाला? एवढं वाटताय गावभर, स्वतःला काही ठेवता की नाही?"

मांजरं ऐकून घेत. भिंतीतल्या कोनाड्यांत बी तिमाच्या आईच्या चिनी बशा मांडलेल्या होत्या, त्या सरकवून तिघं तिथेच झोपत.

या सगळ्यात स्वाफियाचं लग्न ठरलं. स्वाफिया एकुलती एक. मुलगा नाभान, मूळचा मोम्बासाचा, पण इथल्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून आलेला. सडपातळ, अबोल, आणि नाक तेवढं भरघोस. आमच्याकडे घर मुलीचं असतं. मुलगी कुठे जात नाही, नवरा येतो. बी तिमाला हे घर तिच्या आईने दिलं, आणि शेकुवे त्यात एक पत्र्याची पेटी घेऊन राहायला आला, तो अजून आहे. आता वरचा मजला स्वाफियासाठी चुन्याने पांढरा करून ठेवला होता. मुलगी डोक्यावरच्या मजल्यावर राहील आणि सकाळी तिच्या पावलांचा आवाज येईल, एवढंच बी तिमाला आयुष्याकडून हवं होतं.

बोलणी करायला नाभानची आई, बी झमझम, मोम्बासाहून बसने आणि मग होडीने आली. बाई आली त्याआधी तिचा ऊद आला. चंदन, साखर आणि गुलाबपाणी घालून तिच्या आईच्या रीतीने घरी शिजवलेला ऊद. तिच्या कपड्यांत, केसांत, पिशवीत, सगळीकडे तो मुरलेला. बी तिमाही कमी नव्हती. विहीण येणार म्हणून तिनेही सकाळपासून वेताच्या तिवईखाली निखारे ठेवून, तिवईवर कपडे पसरून धुरी दिली होती. घरभर इतका धूर की कोनाड्यातली मांजरं धुक्यात बसल्यासारखी दिसत होती.

नाभान उंबऱ्यात आला आणि शिंकला. मग पुन्हा शिंकला. तो "अल्हम्दुलिल्लाह" म्हणे, बाकीचे "यरहमुकल्लाह" म्हणत. सुरुवातीला सगळे मनापासून म्हणाले, नंतर पुटपुटले, आणि शेवटी शेकुवेने सर्वांच्या वतीने एकदाच म्हणून टाकलं.

बी झमझमने आपल्या बुईबुईवरचा एक पांढरा केस चिमटीत धरला आणि उजेडात उंच केला.

"विहीणबाई, राग मानू नका," ती म्हणाली. "मांजर पाक प्राणी आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण माझ्या मुलाचं नाक लहानपणापासून नाजूक. आमच्या गल्लीतल्या मांजरांनीही असंच छळलंय त्याला. तो इथे राहायला येणार. मग ही तिघं इथे नकोत."

"नकोत म्हणजे?"

"म्हणजे ती जातील तर तो येईल. नाहीतर मी माझ्या घरावर एक मजला चढवते आणि सून मोम्बासाला नेते. शाळा काय, तिकडेही आहेत."

गावाला वाटलं, यात अडचण ती कसली! शेजारीण आशुरा तर आनंदाने धावतच आली. "तिमा, बरं झालं गं! रोज त्यांना बुडवायला निघालेली असतेस. आता आयतं निमित्त मिळालं."

शेकुवे म्हणाला, "टोपलीत घालतो आणि पलीकडे मांदा बेटावर सोडून येतो. कोळ्यांची वस्ती आहे, मासे खाऊन मजेत राहतील. आपल्यापेक्षा बरं खातील."

बी तिमाने हातातली टोपी खाली ठेवली. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"शिव्या मी घालते, कारण केस मी काढते," ती म्हणाली. "या घरातला एक केस जिने कधी उचलला नाही, तिने मला मांजरं काढायला सांगायचं? घर कोणाचं? माझ्या मुलीचं! येणाऱ्याने घर बघून यावं, घराने येणाऱ्याला बघून बदलायचं नाही. आज मांजर काढा म्हणतेय, उद्या म्हणेल म्हातारा खोकतो, त्याला काढा."

"मी कुठे खोकतो?" शेकुवे म्हणाला.

"खोकायला लागाल तेव्हा बघू. पण या तिघांच्या केसालाही मी धक्का लावू देणार नाही. आणि केस म्हटलं म्हणून हसू नकोस, आशुरा."

आशुरा हसतच होती. पण दारामागून स्वाफिया पुढे आली, ती हसत नव्हती.

"आई, तू हट्ट कर," ती म्हणाली. "तुझा हट्ट मोठा आहे, मला माहितीय. मी मोम्बासाला सासूच्या वरच्या मजल्यावर बसून त्या हट्टाची आठवण काढत जाईन."

एवढं बोलून ती वर गेली. चुन्याच्या नव्या मजल्यावर तिची पावलं वाजली, आणि बी तिमाला तो आवाज ऐकवेना. त्या संध्याकाळी तिची सुई चालली नाही. मांजानो मांडीवर येऊन बसली, तर तिला ढकलूनही देववेना आणि कुरवाळूनही घेववेना. मांजरासाठी मुलगी घालवायची, हा शहाणपणा नव्हे, हे तिला कळत होतं. पण परक्या बाईच्या एका वाक्यावर घरचे जीव टोपलीत घालायचे, हेही तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी ती केसाळ बुईबुई न झटकताच घालून निघाली. बी झमझम चुलतबहिणीकडे उतरली होती. तिथल्या ओट्यावर कॉफी पीत बसलेल्या चारचौघींसमोर बी तिमा उभी राहिली.

"विहीणबाई, शुक्रवारी नमाजानंतर मुलाला जेवायला पाठवा. मांजरांच्या मधोमध बसवते. जेवण होईपर्यंत शिंकला, तर मी माझ्या हाताने तिघांना टोपलीत घालून होडीत बसवते. नाही शिंकला, तर पुन्हा मांजराचं नाव काढायचं नाही."

"आणि शिंकला की रडायचं नाही," बी झमझम म्हणाली. "मी येईन बघायला."

बी तिमाजवळ पुरावा काहीच नव्हता. होता तो निव्वळ हेका. परत येताना गल्लीच्या वळणावर ती डोक्याला हात लावून पायरीवर बसली, पण तिथे बघायला एका गाढवाशिवाय कोणी नव्हतं.

शुक्रवारी तिने नारळाच्या दुधात भात शिजवला, चिंचेचं सरबत केलं, मासा भाजून रशात सोडला. मग घरात उरलेला सगळा चांगला ऊद काढला. पाहुणा येणार आणि घरात ऊद नाही, हे तिच्या आईच्या काळापासून कधी घडलं नव्हतं. धुपाटण्यात निखारे फुलवले, त्यावर ऊद ठेवला, वर तिवई, आणि तिवईवर स्वतःचा ठेवणीतला झगा. पहिला धूर वर आला आणि ती सरबताचं भांडं घेऊन वळते न वळते, तोच मांजानोला ऊब लागली. धुरीच्या उबदार कपड्यांवर झोपणं हा मांजानो आपला हक्क समजत असे. तिने कोनाड्यातून उडी घेतली ती थेट झग्यावर. तिवई कलंडली, बी तिमाच्या पायात आली, आणि चिंचेचं सरबत भांड्यासकट निखाऱ्यांवर गेलं.

चर्रर्र आवाज झाला. उदाचा चिखल झाला. आंबट जळका वास घरभर सुटला.

"सटवे! आजच? अगं, तुझ्यासाठी विहिणीशी भांडतेय मी, आणि तू आजच्या दिवशी!"

मांजानो झग्यावरून उठली, झगा पुन्हा नीट तुडवला, आणि तिथेच बसली. आता ऊद आणायला वेळ नव्हता, मशिदीतून माणसं बाहेर पडल्याचा गलका येत होता. बी तिमाने जळका वास जावा म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पदराने पुसलं, तर पदरावरचा केस डोळ्यात गेला.

शेकुवे नाभानला घेऊन आला. नाभान शाळेने दिलेल्या खोलीवरून मशिदीत आणि तिथून तसाच आला होता, साबणाने धुतलेला पांढरा पायघोळ कांझू घालून. "शिकामू," तो अदबीने सासूला सलाम करत म्हणाला आणि चटईवर बसला. लगेच सुकारी त्याच्या मांडीवर आली. मकाआने त्याच्या पाठीला अंग घासायला सुरुवात केली. आणि मघाशी एवढा पराक्रम केलेली मांजानो त्याच्या खांद्यावर चढून त्याच्या कानात घुरघुरू लागली. खिडकीतून आलेल्या उन्हात केस तरंगत होते, स्वच्छ दिसत होते. त्यांतला एक तर भरल्या ताटावर सावकाश उतरला, आणि नाभानने तो बाजूला काढून जेवण चालू ठेवलं.

बी तिमा वाढत होती, पण तिची नजर त्याच्या नाकावरून हलत नव्हती. एकदा नाकपुड्या हलल्या. पडद्याआड स्वाफियाचा श्वास अडकला. नाभानने नाक खाजवलं आणि आणखी भात मागितला.

"घे बाळा, घे," बी तिमा म्हणाली, आणि तिला एकाएकी तो मुलगा फार आवडला.

ताट जवळजवळ रिकामं झालं होतं, तेवढ्यात गल्लीतून ऊद आला. पाठोपाठ बी झमझम आली. आजचा दिवस विजयाचा म्हणून तिने कपड्यांना दुप्पट धुरी दिली होती. ती उंबरा ओलांडून मुलाशेजारी येऊन बसली, आणि नाभान शिंकला. सुकारी मांडीवरून उडाली. तो पुन्हा शिंकला, पुन्हा शिंकला, डोळे लाल झाले, आणि हातातला घास ताटात पडला.

"टोपली कुठाय?" बी झमझम म्हणाली.

पडद्याआडून एक हुंदका आला. बी तिमा उठली, कारण दिलेला शब्द तिचा होता. तिने कोपऱ्यातली टोपली ओढली, मांजानोला उचललं आणि आत ठेवलं. मांजानोला टोपली आवडली, ती गोल होऊन बसली. बी तिमा सुकारीला उचलायला वळली. तिने नाभानकडे एकवार पाहिलं. त्याच्या खांद्यावर तांबडे केस होते, मांडीवर पांढरे, पाठीवर काळे. जेवण सुरू झाल्यापासून हा माणूस मांजरांनी माखलेला होता, आणि चार घास उरेपर्यंत याच्या नाकाला काही झालं नव्हतं.

तिने हवेचा वास घेतला. मग विहिणीचा घेतला.

"विहीणबाई," ती म्हणाली, "जरा बाहेर ओट्यावर जाऊन बसा."

"मला घराबाहेर काढतेस?"

"मांजरं काढण्याआधी एकदा तुम्हाला काढून बघते."

दारात उभी राहून सगळं बघणाऱ्या आशुराला हसू आवरेना. बी झमझम ताडकन उठली. "ही चालले! असल्या घरात मला पाणीसुद्धा नको!" म्हणत ती तरातरा बाहेर पडली. उघड्या खिडक्यांतून वारा आला. नाभान आणखी एकदा शिंकला, मग अर्धवट शिंकला, मग नुसताच नाक पुसत राहिला. मकाआ पुन्हा येऊन त्याला टेकला. काही झालं नाही. नाभानने ताटातला पडलेला घास उचलला आणि खाल्ला.

तेवढ्यात बी झमझमच्या लक्षात आलं, की आपली पिशवी आतच राहिली. ती रागारागाने परत आली, मुलाच्या बाजूची पिशवी उचलायला वाकली, आणि नाभान अशा जोरात शिंकला की ताटातली शितं चटईवर उडाली.

आता कोणी "यरहमुकल्लाह"सुद्धा म्हटलं नाही. सगळे बी झमझमच्या पिशवीकडे बघत होते.

"आई," नाभान खाली बघत म्हणाला, "लहानपणापासून... तुझ्या खोलीत आलो की..."

"मग मांजराचं नाव का घेतलंस?"

"मी नाही घेतलं. तू घेतलंस. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"वा!" पडद्याआडून स्वाफियाचा आवाज आला. "गणिताचे मास्तर ना? उत्तर येत होतं आणि गप्प बसलात. आणि मी इथे मोम्बासाला जायची तयारी करत बसले!"

नाभानचे कान लाल झाले. पण बी झमझमचा चेहरा पाहवेना. ती पिशवी पोटाशी धरून भिंतीला टेकली. "माझ्या आईच्या रीतीचा ऊद आहे हा," ती म्हणाली. "तो पाळण्यात होता तेव्हापासून मी त्याला धुरी देतेय. मायेने देतेय." क्षणभर बी तिमाला तिची दया आली. पण बाई मोम्बासाची होती, हार मानणारी नव्हती. तिने डोळे पुसले आणि मान वर केली.

"ठीक आहे. माझा ऊद नको, तर मग तुझाही नको. या घरात शुक्रवारी नको, ईदला नको, आणि लग्नातही नको. उदाशिवाय नवरी! बोल तिमा, काढतेस ऊद घरातून? की फक्त मलाच ओट्यावर काढता येतं?"

आता सगळे बी तिमाकडे बघायला लागले. तिवई तिच्या आईची होती. स्वतःच्या लग्नात ती त्याच धुरीच्या कपड्यांत बसली होती, आणि स्वाफिया त्याच धुरीत बसेल हे तिने मुलीच्या जन्माच्या दिवशीच ठरवलं होतं. मांजरांचा वास झाकायलाही घरात दुसरं काही नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं म्हणतात. इथे धुपाटण्यातही चिंचेचा चिखल होता. तिला खरंच फार वाईट वाटलं. मग वरच्या मजल्याचा जिना तिच्या नजरेस पडला.

"काढते," ती म्हणाली. "ऊद नाही तर नाही."

"लोक काय म्हणतील?"

"आजवर लोकांनी माझ्या टोप्यांतले केस मोजले. आता माझ्या घरातला वास मोजतील. त्यांना काहीतरी उद्योग हवाच." एवढं बोलून तिने मांजानोला टोपलीतून बाहेर काढलं. मांजानोला बाहेर यायचं नव्हतं. तिने बी तिमाचा हात बोचकारला, आणि बी तिमाने तिला भरपूर शिव्या दिल्या.

लग्न उदाशिवाय झालं. मोगऱ्याच्या माळा होत्या, बिर्याणी होती, गाणी होती. आलेली प्रत्येक बाई उंबऱ्यात थांबून हवा हुंगायची, आणि बी तिमा कमरेवर हात ठेवून तिथेच उभी होती.

"वास कसला घेताय? मांजरांचा आहे. घरचीच आहेत. आत या, आणि काळं घातलं असेल तर बसताना विचार करा."

बायका नाकं मुरडत आत आल्या आणि मांजरांना मासे चारत बसल्या. तिवई कोपऱ्यात मांडलेली होती, खाली निखारे नव्हते, वर मांजानो झोपलेली होती.

निकाह मशिदीत आटोपल्यावर नाभानला वाजतगाजत त्याच्या नव्या घरी आणलं. डोक्यावर बी तिमाने भरलेली टोपी होती, तिने आजवर भरलेल्या टोप्यांत सर्वांत बारीक कामाची. बी झमझम विहिणीशेजारी उभी होती. तिच्या अंगाला आज नुसता साबणाचा वास येत होता, आणि ती त्याने अवघडून गेली होती. मुलगा जवळ आला, शिंकला नाही, हे बघून तिचे डोळे भरून आले. मग एकदम तिने बी तिमाचा दंड धरला.

"विहीणबाई, केस! टोपीवर, कपाळापाशी! तांबडा!"

तिने उपटायला हात पुढे केला. बी तिमाने तो मधेच पकडला.

आदल्या दिवशी शेवटची भोकं काढताना बी तिमाला तो केस दिसला होता. सुईचं टोक त्याच्याखाली घालून ती किती तरी वेळ बसली होती, आणि मग तिने तो जागेवरच ठेवून वरून रेशमाचे टाके घातले होते.

"राहू द्या," ती म्हणाली. "शिवून टाकलाय मी. कोणाच्या घरी राहायला आलाय, ते जावयाच्या लक्षात राहील."